जळगावचे तीन, धुळ्याचे चार

लाकडी पेटीत दाबून भरलेली रुई सुनंदा भोळे यांनी मुठीमुठीनं उपसली आणि चौथा मायक्रोस्कोप दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी उजेडात ठेवला. रुई मोहनलालजींच्या जिनिंगमधली होती, ताजी, नुकतीच सरकी काढलेली. तिचा एक तंतू भिंगाच्या नळीला चिकटला होता, तो त्यांनी फुंकर मारून उडवला. मग त्यांची नजर फिरकीवर गेली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

मायक्रोस्कोपला भिंग वर-खाली करायला दोन्ही अंगांना फिरक्या असतात. आकृती काढणारा हात उजवा, म्हणून फिरकी फिरवतो तो डावा. त्यामुळं कुठल्याही कॉलेजातला मायक्रोस्कोप पाहा, डावी फिरकी आधी झिजते. या यंत्राची मात्र उजवी झिजली होती. तिचं पितळ उघडं पडून पिवळं चमकत होतं, आणि डावीवरचा काळा रंग काल दुकानातून आणल्यासारखा शाबूत होता.

"बाई, हा बिघडलेला आहे का?" ओटे पुसता पुसता भिकननं विचारलं. प्रयोगशाळेची सगळी देखभाल त्याच्याकडे असे.

"बिघडलेला नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. "प्रमिलाचा आहे."

प्रमिला देवरे म्हणजे धुळ्याच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्रमुख. दहा-अकरा वर्षांपूर्वी पुण्याला एम.एस्सी.च्या वर्गात खानदेशच्या दोनच मुली होत्या, एक जळगावजवळच्या असोद्याची सुनंदा आणि एक धुळ्याची प्रमिला. दोघी एका बाकावर बसत. प्रमिला डावखुरी, आकृती काढायला लागली की तिचं कोपर सुनंदाच्या बरगडीत बसे. शेवटी आगाशे सरांनीच तिला उठवून बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं होतं. पुढं दोघी आपापल्या गावी परतल्या, आपापल्या कॉलेजात लागल्या. सणावारी भेटी होत. या वर्षी मात्र संक्रांतीला तिळगूळसुद्धा झाला नव्हता.

त्याला कारण होतं. जळगाव काय आणि धुळं काय, दोन्हीकडची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. बी.एस्सी. गावात व्हायचं, पण पुढं शिकायचं तर पुणं गाठावं लागे. आता, एकोणीसशे अडुसष्ट साली, विद्यापीठानं खानदेशासाठी एम.एस्सी.चं एक केंद्र द्यायचं मनावर घेतलं होतं. एकच. अर्ज दोन्ही गावांनी केले होते. चौकशी समिती मंगळवारी जळगाव पाहणार होती आणि गुरुवारी धुळं. आणि समितीचे अध्यक्ष होते आगाशे सर.

बाहेर मोटार थांबल्याचा आवाज आला. मोहनलालजी आत आले ते उपरण्यानं कपाळ पुसतच. त्यांच्या मागं प्राचार्य हिलाल पाटील होते. मोहनलालजी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. घराणं मारवाडी जैन; त्यांचे आजोबा राजस्थानातून कापसाच्या धंद्याला इथं आले आणि इथलेच झाले. स्वतः मोहनलालजी सातवीच्या पुढं शिकले नव्हते. पण कॉलेजच्या इमारतीचा पाया खणला तेव्हापासून एक दिवस त्यांची फेरी चुकली नव्हती.

"आले का सगळे धडधाकट?" त्यांनी पेट्यांकडं पाहत विचारलं.

"आले, शेटजी."

ही युक्ती त्यांचीच होती. एम.एस्सी.ला लागतात तसले चांगले मायक्रोस्कोप जळगावकडे तीन होते आणि धुळ्याकडे चार. समितीच्या डोळ्यांत भरायला दोन्ही आकडे अपुरे. धुळ्याच्या संस्थेत मोहनलालजींचे मेहुणे रुपचंद विश्वस्त होते. दोघांनी दुकानातल्या फोनवरून ठरवून टाकलं: मंगळवारसाठी धुळ्याचे चार जळगावला यायचे, आणि बुधवारी सगळे सात धुळ्याला जायचे. अर्ज एकमेकांविरुद्ध असले तरी ही सोय दोघांच्याही कामाची होती.

"पाटील सर, मला एक अजून उमजलं नाही," मोहनलालजी म्हणाले. "जागा आपली, इमारत आपली, मास्तर नेमतो आपण. मग आमच्या पोरांनी पुढं शिकायचं की नाही, ते पुण्यानं का ठरवायचं?"

"अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, पदवीवरचा शिक्का त्यांचा," प्राचार्य म्हणाले. "मी शिकलो तेव्हा हेच सगळं मुंबईहून ठरायचं. मग पुण्याचं विद्यापीठ झालं, आपल्याला तिकडं जोडलं. फरक म्हणाल तर इतकाच, की मुंबईला सरळ गाडी होती आणि पुण्याला जायचं तर मनमाडला उतरून ताटकळावं लागतं."

मोहनलालजी हसले. मग एकदम गंभीर होऊन सुनंदाबाईंकडं वळले.

"बाई, तुम्हाला हे उसनं आणणं पटलेलं नाही, मला दिसतंय. पण नवीन दुकान उघडतो त्या दिवशी शेजाऱ्याची चार पोती आणून आपण मांडतोच की नाही? गिऱ्हाईक लागलं की आपला माल येतो. एकदा केंद्र मिळू द्या, मी दहा मायक्रोस्कोप घेऊन देतो."

ते घेऊन देणार याबद्दल सुनंदाबाईंना शंका नव्हती. त्या गप्प राहिल्या. आणि गप्प राहण्यामागं मंजू होती.

मंजू मोहनलालजींची धाकटी मुलगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. तिच्यासारखा हात सुनंदाबाईंनी विद्यार्थ्यांमध्ये पाहिला नव्हता. पात्याखालून छेद काढायची तो कांद्याच्या पापुद्र्यासारखा, पलीकडची अक्षरं वाचता यावीत असा. दिवाळीच्या सुमाराला सुनंदाबाई तिच्या पुढच्या शिक्षणाचं बोलायला घरी गेल्या, तेव्हा मोहनलालजींनी आडपडदा ठेवला नव्हता. "इथं निघालं तर शिकेल, बाई. खुशाल शिकेल. पुण्याला मी पाठवणार नाही. मग स्थळं बघायची." त्यात दरडावणी नव्हती. ठरून गेलेली गोष्ट सांगावी तसं ते बोलले होते, आणि आतल्या दाराशी उभी असलेली मंजू मान खाली घालून आत निघून गेली होती.

मंगळवारी समिती आली. आगाशे सरांबरोबर आणखी दोघे प्राध्यापक होते. सर आता साठीला टेकले होते, थोडे वाकले होते, पण चालणं तसंच भरभर. त्यांनी ग्रंथालय पाहिलं, वर्ग पाहिले, पाण्याची टाकी कुठं आहे ते विचारलं. गॅस नाही, अजून स्पिरिटच्या दिव्यांवरच भागवता, याची नोंद दुसऱ्या सदस्यांनी करून घेतली. मग सगळे वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आले. खिडकीच्या कडेनं सात मायक्रोस्कोप ओळीनं मांडले होते. प्रत्येकाखाली एकेक काचपट्टी लावलेली. मंजू पांढरा कोट घालून ओट्याच्या टोकाला उभी होती. मोहनलालजी आत आले नाहीत, दाराच्या चौकटीला टेकून राहिले.

सर एकेका यंत्राशी वाकत पुढं सरकू लागले. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याशी ते वाकले, सवयीनं डावा हात फिरकीवर ठेवला आणि थबकले. नळीवरचा डोळा त्यांनी काढला. मग उजवा हात पलीकडच्या फिरकीवर नेला आणि उघड्या पितळावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"तुमच्या विभागात डावखुरं कोण आहे?" त्यांनी विचारलं.

प्रश्न साधा होता. प्राचार्य पाटील अर्धवट हसले आणि सुनंदाबाईंकडं पाहू लागले. दुसऱ्या दोघा सदस्यांना यात काही विचारण्यासारखं आहे असं वाटलंही नसावं. सरांचा आवाज नेहमीसारखाच होता. त्यांनी सुनंदाबाईंच्या तोंडाकडं पाहिलंसुद्धा नाही, खाली यंत्राकडंच पाहत राहिले. कुणीतरी आहे असं म्हटलं असतं तर ते पाचव्याकडं वळले असते. तेवढी जागा त्यांनी ठेवली होती.

"कुणी नाही, सर," सुनंदाबाई म्हणाल्या. "हा प्रमिलाचा आहे."

"म्हणजे धुळ्याचा."

"हे चार धुळ्याचे. आमचे तीन."

सर सरळ उभे राहिले.

"आणि परवा धुळ्याला मी किती पाहणार होतो?"

आत्तापर्यंत जे काही होतं ते जळगावचं होतं, त्यांच्या अंगावरचं होतं. या प्रश्नाचं उत्तर धुळ्याचं होतं.

"सात," त्या म्हणाल्या.

"वा! म्हणजे आमच्या अहवालात चौदा झाले असते," तिसरे सदस्य म्हणाले. ते हसत नव्हते.

"खानदेशात मिळून सातच आहेत, सर." आपण पुढं काय बोलणार आहोत हे सुनंदाबाईंना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. "केंद्र जळगावला द्या नाहीतर धुळ्याला द्या. सातही तिथं येतील. आणि मीही येईन."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की कॉलेजची मालमत्ता आपण परस्पर वाटून टाकली आहे. प्राचार्यांचा चेहरा उतरला होता. दाराशी मोहनलालजी नव्हते. ते केव्हा निघून गेले ते कुणी पाहिलं नाही.

सर पुन्हा त्याच यंत्राशी वाकले.

"छेद कशाचा आहे हा?"

"केळीच्या मुळाचा. आमच्या असोद्याच्या मळ्यातला."

"कुणी काढला?"

"हिनं. मंजू."

सर बराच वेळ पाहत राहिले. मग मंजूकडं वळून म्हणाले, "हात चांगला आहे," आणि पाचव्या यंत्राकडं सरकले.

समिती गेल्यावर मंजू काचपट्ट्या धूत होती. सुनंदाबाई शेजारी उभ्या राहून एकेक पुसून ठेवत होत्या.

"बाई, मी तुमच्या जागी असते तर म्हटलं असतं, दुसऱ्या वर्षाला एक मुलगा आहे डावखुरा."

"हं."

"आहेच तसा एक. खोटंसुद्धा झालं नसतं."

सुनंदाबाईंनी हातातली काचपट्टी उजेडाकडं धरली, पुन्हा पुसली. तो मुलगा त्यांना तेव्हाही आठवला होता.

"चुकलं माझं, असं वाटतं तुला?" त्यांनी विचारलं.

मंजूनं नळ बंद केला. "तुमचं चुकलं असं नाही वाटत," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण मला राग आलाय."

प्राचार्यांच्या खोलीत मोहनलालजी एकटेच बसले होते. सुनंदाबाई आत गेल्या तरी ते उठले नाहीत. एरवी ते बाईमाणसासमोर बसून बोलत नसत.

"माझ्या पोरीचं शिक्षण तुम्ही एका वाक्यात धुळ्याला पोचवलंत, बाई," ते म्हणाले.

"अजून काही ठरलेलं नाही, शेटजी."

"मी धंदा करतो. समोरच्याचा चेहरा बघून कळतं मला." ते थोडा वेळ टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत राहिले. "उद्या सकाळी मोटार येईल. त्यांच्या चारांबरोबर आपली तीनही खोकी भरून ठेवा."

"तीन? आता कशाला?"

"रुपचंदला शब्द दिलाय मी. समितीला सगळं कळलंय, म्हणून काय शब्द मोडायचा?" मग उठता उठता म्हणाले, "तुम्हीच जा बरोबर. तुम्ही काय करून ठेवलंय ते त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या."

संध्याकाळी सुनंदाबाई असोद्याला घरी आल्या. वडील, उखर्डू भोळे, ओट्यावर सुतळी वळत बसले होते. त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला आणि सुतळी बाजूला ठेवली. सुनंदाबाईंनी थोडक्यात सगळं सांगितलं.

"तो तुझा पुन्याचा मास्तर, त्याले खरं सांगतलं ना?"

"हो, बाबा."

"मंग जेव आता. सकायपासून उपाशी दिसू राह्यली."

बुधवारी दुपारी मोटार धुळ्याच्या कॉलेजच्या आवारात शिरली. बातमी फोननं आधीच येऊन पोचली होती. प्रमिलाबाई प्रयोगशाळेच्या दारात उभ्या होत्या. ड्रायव्हर एकेक पेटी आत नेऊन ठेवत होता. त्यांनी कशाला हात लावला नाही, आणि ड्रायव्हर बाहेर जाईपर्यंत तोंडही उघडलं नाही.

"माझं नाव घेतलंस?"

"सरांनी ओळखलं होतं, प्रमिला. फिरकीवरून."

"ओळखणं वेगळं. ओळखलेलं माणसाला पोटात ठेवता येतं. तू सांगितलंस. सांगितलेलं अहवालात जातं."

"हो."

"हो काय? विचारायचं तरी मला. खरं बोललीस तू, आणि उघडी पडले मी. उद्या सर या दारातून आत येतील तेव्हा मी कुठं बघू?" प्रमिलाबाईंचा आवाज चढला होता. "ही प्रयोगशाळा बघ. हा गॅस बघ. आठ वर्षं एकेका माणसाच्या मागं लागून केलंय मी हे. प्रिन्सिपॉल मला म्हणतात, देवरे बाई, तुम्हाला घरदार नाही का? आणि तू तिकडं उभी राहून एका क्षणात—"

वाक्य पुरं झालं नाही. आपण चूक केली नाही हे सुनंदाबाईंना माहीत होतं, आणि हिला दुखवलं हेही माहीत होतं. एकाचं माप दुसऱ्याला लावून चालत नव्हतं.

"मी सरांना सांगितलंय," त्या शेवटी म्हणाल्या, "केंद्र कुठंही झालं तरी मी शिकवायला येईन. धुळ्याला झालं तरी."

"येशील? असोद्याहून?"

"एस.टी. आहे की. तीन तास लागतात."

"आणि आदळत-आपटत, पारोळ्याच्या रस्त्यानं," प्रमिलाबाई म्हणाल्या. त्या बेसिनशी गेल्या आणि हात धूत राहिल्या. हात स्वच्छच होते. पाठमोऱ्याच होत्या त्या.

"चहा घेणार आहेस का?" त्यांनी नळ न थांबवता विचारलं.

गुरुवारी धुळ्याला काय झालं ते सुनंदाबाईंना पुढं कळलं. प्रमिलाबाईंनी समितीला सातही मायक्रोस्कोप दाखवले. चार आमचे, तीन जळगावचे, असं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. आगाशे सर म्हणाले, "माहीत आहे," आणि पाण्याच्या टाकीची चौकशी करू लागले.

समितीची शिफारस विद्या परिषदेपुढं गेली, तिथून कार्यकारी मंडळाकडं, तिथून मुंबईला सरकारकडं. असे सगळे उंबरे ओलांडून जूनमध्ये निकाल आला. केंद्र धुळ्याला मिळालं. गॅस होता, पाणी होतं, फोटो धुवायला अंधारी खोली होती. त्याबरोबर एक अट होती: केंद्र धुळ्याला असलं तरी ते दोन्ही कॉलेजांचं मानलं जाईल, दोन्हीकडचे अध्यापक तिथं शिकवतील आणि दोन्हीकडची साधनं तिथं वापरली जातील. अशी अट विद्यापीठानं यापूर्वी कुठं घातली होती का, ते प्राचार्य पाटलांनाही आठवेना.

"आगाशे सरांचं डोकं," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आपले तीन मायक्रोस्कोप द्यायला संस्थेचा ठराव लागेल, बाई. शेटजींसमोर मी काढतो विषय. तुम्ही नका बोलू."

ठराव झाला. मोहनलालजींनी सही करून कागद पुढं सरकवला. मंजूचं नाव कुणी काढलं नाही. ती पहिल्या वर्गात पास झाली होती. पेढे घरोघर गेले. सुनंदाबाईंच्या घरी पेढे घेऊन आला तो दुकानातला नोकर, मंजू नाही. पुढच्या आठवड्यात भिकननं बातमी आणली की मालेगावहून पाहुणे येऊन मुलगी पाहून गेले.

जुलैत केंद्र सुरू झालं. सुनंदाबाई शुक्रवारी सकाळच्या गाडीनं धुळ्याला जात, रात्री प्रमिलाबाईंकडे उतरत आणि शनिवारचे तास संपवून परत फिरत. वर्गात सगळे मुलगेच होते, काही धुळ्याचे, दोन जळगावचे, एक शहाद्याकडून आलेला. हजेरी घेताना सुनंदाबाईंना आपण उगाच एका नावाशी थांबतो आहोत असं वाटे. ते नाव तिथं नसे.

तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार होता. नकाण्याच्या तळ्यातून आणलेलं पाणी काचेच्या बशांमधून वाटून झालं होतं. शेवाळांचं प्रॅक्टिकल होतं. मुलं आपापल्या यंत्राशी बसली होती. प्रमिलाबाई फळ्यावर आकृती काढत होत्या. एवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं.

मंजू होती. अंगात पांढरा कोट. आणि तिच्या मागं डोक्यावरून पदर घेतलेल्या, फिकट लुगड्यातल्या एक वयस्कर बाई.

"आत येऊ, बाई?"

सुनंदाबाई दाराशी गेल्या. मुलं वळून पाहू लागली.

"उशीर झाला," मंजू म्हणाली. "प्रवेश आज सकाळी झाला. मामांनी धावपळ केली." मामा म्हणजे रुपचंद. "मी त्यांच्याकडे राहणार आहे. ही माझी भुवा, बाबांची थोरली बहीण. धनकुंवरबाई. ही पण राहणार आहे. मी कॉलेजात असेन तेवढा वेळ हीसुद्धा कॉलेजात बसणार. बाबांनी तसं—" ती थांबली. मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं.

"बसू देत," प्रमिलाबाई फळ्याकडं तोंड ठेवूनच म्हणाल्या. "जागा आहे."

धनकुंवरबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या आणि माळ ओढू लागल्या. सुनंदाबाई त्यांना पाणी विचारायला बाहेर गेल्या.

"गाळलेलं आहे?" त्यांनी विचारलं, मग स्वतःच मान हलवली. "राहू दे. मी घरून आणलंय." आणि मग, माळेवरची नजर न उचलता, "मोहन म्हणालाय, शनिवारी तुम्ही जळगावला परत निघता. तेव्हा आम्हा दोघींना सोबत नेत जा."

"शेटजी म्हणाले असं?"

"आणखी कोण म्हणेल?"

सुनंदाबाईंना पुढं काही विचारायचं होतं. मालेगावचं काय झालं, शेटजी तयार कसे झाले, कुणी समजावलं. पण त्या नुसत्याच "नेईन" म्हणाल्या.

ऊन कलून व्हरांड्यात आलं तेव्हा त्यांनी धनकुंवरबाईंना आत बोलावलं आणि मंजूजवळ एक स्टूल दिलं. मुलं थोडी अवघडली, मग विसरून गेली. धनकुंवरबाई गप्प बसून पाहत होत्या. भावाची ही मुलगी बशीतला एक थेंब काचेवर घेते, वर पातळ काच झाकते, मग एक डोळा लावून वाकते आणि कितीतरी वेळ उठतच नाही.

"काय दिसतं गं त्यात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"पाणी आहे, भुवा. तळ्यातलं."

"पाणी तर मलाही दिसतंय. इतका वेळ काय बघतेस?"

मंजूनं सुनंदाबाईंकडं पाहिलं. सुनंदाबाईंनी मान हलवली. मंजू उठली आणि भुवाला आपल्या जागेवर बसवलं. पदर सावरत धनकुंवरबाई वाकल्या. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग काळं वर्तुळ दिसलं. सुनंदाबाईंनी मागून हात घालून फिरकी हळूहळू फिरवली.

"अगं बाई!"

वर्गातल्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. धनकुंवरबाईंचा हात ओट्याच्या कडेला घट्ट धरलेला होता.

"हलतंय हे."

"हो."

"धावतंय! जीव आहे हा?"

"जीवच आहे, भुवाजी."

धनकुंवरबाईंची माळ मांडीवरून घसरून जमिनीवर पडली ती मंजूनं उचलली.

"महाराज व्याख्यानात सांगायचे, पाण्यात जीव असतो," त्या म्हणाल्या. बोलणं कुणाला उद्देशून नव्हतं. "मी लहानपणापासून पाणी गाळून पिते. माहेरी गाळलं, सासरी गाळलं, मग परत भावाकडं आले तरी गाळलं. कधी चुकवलं नाही. पण कधी पाहिला नव्हता."

फळ्यापाशी प्रमिलाबाई खडू हातात धरून उभ्या होत्या. तास संपत आला होता. मंजूनं पेन्सिल हातात घेतली, वाट पाहिली, मग अदबीनं भुवाच्या खांद्याला हात लावला.

"भुवा, उठ ना आता. माझी आकृती व्हायचीय अजून."

"थांब गं," धनकुंवरबाई डोळा न काढता म्हणाल्या. "मला अजून नीट दिसलेलं नाही."